आधी पाण्याची जागा, मग कपाटाची

लातूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आमचं 20 बाय 30 च्या प्लॉटवर खालीच घर आहे. बाथरूम 4 बाय 7 चं, संडास-बाथरूम एकत्र. दार 7 फुटी भिंतीच्या मधोमध, आत उघडतं. आत गेलं की डाव्या हाताला कमोड, समोर बेसिन, उजव्या टोकाला नळ. पण त्या टोकाला 200 लिटरचे दोन निळे बॅरल उभे केलेत, त्यामुळं आंघोळ दारासमोरच बसून करावी लागते. सगळं ओलं होतं. पाच जणांचे साबण, शाम्पू, घासण्या जमिनीवर नाहीतर बेसिनवर. मुलगी बारावीला, मुलगा चौथीत. दिवाळीनंतर आत्याबाई गावाकडून कायमच्या आमच्याकडं येणार, त्यांचे गुडघे गेलेत. मिस्त्री म्हणतो सगळं फोडा, कमोड उजवीकडं घेऊ, आंघोळ डावीकडं. मला बेसिनखाली कपाट पाहिजे, मोबाइलवर बघितलंय तसं. हे म्हणतात लाइटचा भरवसा नाही, गॅस गिझर बसवू. हातात 60 हजार आहेत. उजव्या भिंतीपलीकडं 3 फुटांचा बोळ आहे, त्यात भंगार पडलंय. कपाट कुठं बसेल ते सांगा."

नमस्कार ताई,

वहीच्या कागदावर काढलेला तुमचा नकाशा मी नीट बघितला. खरं सांगू? तुमच्या बाथरूमची मांडणी चांगली आहे. दार मधोमध, एका टोकाला कमोड, दुसऱ्या टोकाला नळ, मध्ये बेसिन. 28 चौरस फुटांत याहून बरं काही बसत नाही. मी कोऱ्या कागदावर काढलं असतं तर हेच काढलं असतं. बिघडलंय ते बॅरलनी. एक बॅरल जवळजवळ 2 फूट रुंद असतो. दोन शेजारीशेजारी ठेवले की 4 फुटांची भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत संपली. म्हणजे 28 पैकी 8 चौरस फूट पाण्याचे, आणि तेही नेमके आंघोळीच्या जागेचे. आंघोळ सरकली दारात, दारातली कोरडी जागा गेली, कोरडी जागा गेली म्हणून कपडे ठेवायला ठिकाण नाही, आणि मग सामान जमिनीवर.

आता मिस्त्रीबुवांचा बेत बघा. कमोड उजवीकडं, आंघोळ डावीकडं. आणि बॅरल? ते आंघोळीपाशीच लागणार, म्हणजे डावीकडं. सगळं फोडून, चेंबरपर्यंतचा 4 इंची पाइप नव्यानं टाकून, तुम्ही पुन्हा दारासमोरच आंघोळ करणार, फक्त तोंड दुसरीकडं करून. त्यात मैल्याच्या पाइपला उतार लागतो, दर 40 इंचांना 1 इंच तरी. चेंबर तुमच्या नकाशात डाव्या बाजूला आहे. उजवीकडचा कमोड तिथवर आणायचा तर पूर्ण खोलीची फरशी उकरा, नाहीतर फरशी उचलून आत पायरी करा. गुडघे गेलेल्या माणसाच्या बाथरूममध्ये पायरी? नको. कमोडला हात लावू नका, एवढं एक ऐकाच.

घर आवरायच्या गप्पा मोबाइलवर चालतात त्या बहुतेक चोवीस तास पाणी असणाऱ्या शहरांतल्या असतात. तिथं बाथरूममधली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे टॉवेल. आपल्याकडं ती वस्तू पाणी आहे. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुम्ही लातूरकरांनी बघितलंय. तुमच्या घरातून बॅरल हटवा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? बॅरल राहतील. फक्त ते आत राहायला नकोत.

तुमच्याकडं तो 3 फुटांचा बोळ आहे आणि त्यात भंगार आहे. भंगारवाल्याला बोलवा. उजव्या भिंतीला बाहेरून लागून विटांचा कट्टा बांधून घ्या, साडेचार फूट लांब, 2 फूट रुंद. दोन्ही बॅरल त्यावर. खालच्या अंगाला भोक पाडून दोन्हींना पाइपनं जोडा, म्हणजे दोन्हींतलं पाणी एकाच पातळीवर राहतं आणि 400 लिटरची एकच टाकी झाल्यासारखं होतं. तिथून पाऊण इंची पाइप भिंतीतून आत, आणि आत नळ. गच्चीवरच्या टाकीची एक फांदी बॅरलवर सोडून तिला बॉलकॉक लावला की टाकीत पाणी असेल तेव्हा बॅरल आपोआप भरून राहतील. टँकर आला आणि लाइट नसली, तर टँकरवाल्याचा पाइप सरळ बॅरलमध्ये. हे आत ठेवलेल्या बॅरलला कधीच जमलं नसतं, बैठकीतून पाइप ओढत न्यावा लागला असता.

कट्ट्याच्या उंचीत लोक फसतात. उंची मोजायची ती आतल्या फरशीपासून, बोळातल्या जमिनीपासून नाही. बकेट साधारण सव्वा फूट उंच, म्हणून आतला नळ दीड फुटावर येतो. बॅरलमधलं पाणी तळापर्यंत उतरायला हवं असेल तर कट्टा आतल्या फरशीपासून 2 फूट वर पाहिजे. तुमचं जोतं दीड फूट असेल, तर बोळातून मोजल्यावर तोच कट्टा साडेतीन फूट भरतो. मिस्त्रीनं बाहेर उभं राहून 2 फुटांचा बांधला, तर जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी बॅरलमध्येच बसून राहील आणि तुम्ही पुन्हा मग्ग्यानं उपसत बसाल.

दुसरं, वजन. 400 लिटर म्हणजे 400 किलो, वर विटांचं वेगळं. लोखंडी अँगल भिंतीत ठोकून त्यावर बॅरल ठेवू असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि लातूरची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीवर सरळ विटा रचल्या तर दोन पावसाळ्यांत कट्टा कलणार. काळी माती काढून मुरूम भरायचा, धुमस करून वर काँक्रीटचा थर, मग विटा, आणि वर शहाबादी. पैसे इथं लागू द्या.

बॅरल कसले आहेत तेही बघा. बाजारात मिळणारे निळे बॅरल पुष्कळदा आधी कारखान्यात कशाला तरी वापरलेले असतात. कशाला, हे दुकानदार सांगू शकला नाही तर घेऊ नका, आणि घरात असलेले तसेच असतील तर ते बांधकामाच्या पाण्याला द्या. पूर्ण तोंड उघडणारा, कडी लावून झाकण बसणारा बॅरल घ्या. वर नुसती दोन बुचं असलेला आतून घासताच येत नाही. आणि घासायचं आहेच, आठवड्यातून एकदा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती पाण्याच्या कडेला, बॅरलच्या भिंतीला चिकटून राहतात. नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत, सुकली तरी महिनोन् महिने टिकतात, पाणी आलं की फुटतात. म्हणून तळाशी पाणी सोडायला एक वेगळा कॉक ठेवा, लांब दांड्याचा ब्रश ठेवा आणि पाणी कमी उरलेला दिवस बघून घासा. बॉलकॉकचा पाइप झाकणातून जातो तिथली फट जाळीनं बंद करा. बॅरलवर ऊन पडत असेल तर वर पत्र्याचा तुकडा टाका, नाहीतर आत शेवाळ धरतं.

या पाण्याला जोर नसतो, हेही सांगून ठेवते. बकेट भरेल, शॉवर चालणार नाही. मुलीला शॉवर पाहिजेच असेल, तर त्याची लाइन गच्चीवरच्या टाकीवरून वेगळी घ्या. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीनंतर तो शॉवर तसाही टॉवेल वाळवायच्या कामाला येईल.

एवढं झालं की उजवं टोक मोकळं. 4 फूट रुंद, 3 फूट खोल, एका माणसाला बसून आंघोळ करायला भरपूर. आता सामानाचं बघू.

दुकानातले स्टँड, कोपऱ्यातले रॅक सगळे उभ्यानं आंघोळ करणाऱ्यासाठी बनवलेले असतात. भिंतीवर 4 फुटांवर लावा म्हणतात. आपण बसतो. चौरंगावर नाहीतर पाटावर बसलेल्या माणसाचा हात 4 फुटांवर कसा जाईल? म्हणून साबण शेवटी जमिनीवरच उतरतो, वर स्टँड रिकामा आणि खाली चिखल. तुमची पहिली फळी फरशीपासून 2 फुटांवर पाहिजे, नळाच्या उजव्या कोपऱ्यात. चौथीतल्या मुलाचाही हात पोचतो. दुसरी साडेतीन फुटांवर, मुलगी आणि तुमचे मिस्टर उभ्यानं आंघोळ करत असतील तर त्यांच्यासाठी. दोन्ही कोपऱ्यातच घ्या, बसायच्या जागेच्या वर नको, उठताना डोक्याला लागते. काळ्या कडप्प्याचे त्रिकोणी तुकडे घ्या, पुढची कड गोल घासून. कडप्पा भिंतीत लाद्या लावतानाच रोवला की हलत नाही, गंजत नाही. वरून चिकटवलेल्या प्लास्टिकच्या स्टँडचं आयुष्य आपल्या पाण्यात किती, ते तुम्हीच सांगाल.

उजवी भिंत बाहेरची आहे, म्हणजे 9 इंची असणार. तिच्यात एक देवळी सहज निघते, 4 इंच खोल, फूटभर रुंद, दीड फूट उंच. जुन्या माळवदाच्या घरांत असते तशीच. आत्याबाईंना सांगायलासुद्धा लागणार नाही. मात्र वरच्या विटांना आधार म्हणून कडप्प्याची पट्टी घाला, आणि तळाला पुढं, खोलीकडं थोडा उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही. नळाच्या पाइपपासून आणि कॉलमपासून दूर घ्या. हीच देवळी 4 इंची आडभिंतीत कोरू नका, पलीकडं स्वयंपाकघर असेल तर ओल तिकडं जाईल.

तुमच्या बोअरचं पाणी जड असेल, तर काचेच्या फळ्या आणि काळे नळ घेऊ नका. दोन दिवसांत पांढरे डाग. फिकट रंगाच्या, बिनचकाकीच्या लाद्यांवर खार कमी दिसतो. आणि तो खार काढायला अ‍ॅसिड ओतायची आपल्याकडं जी सवय आहे ती सोडा. अ‍ॅसिड लाद्यांमधले सांधे खातं, नळाचा मुलामा खातं. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आलं तर विषारी वायू होतो, तोही बंद खोलीत. लिंबूसत्व कोमट पाण्यात कालवून, डागावर फडकं भिजवून थोडा वेळ ठेवलं की बराचसा खार सुटतो.

आता तुमचं कपाट. बेसिनखाली नको. सरळ हिशेब आहे: खोली 48 इंच रुंद. बेसिनखालचं कपाट 18 इंच खोल. उरले 30. तुमचं दार आत उघडतं, पल्ला सव्वादोन फुटांचा, म्हणजे 27 इंच. दार उघडल्यावर माणूस कुठं उभं राहणार? शिवाय बेसिनच्या पोटातला पाइप कधी ना कधी गळतोच, आणि गळला की पहिल्यांदा फुगतं ते कपाट. मोबाइलवर दिसतं ते कपाट 8 बाय 8 च्या खोलीत असतं आणि फोटो काढायच्या दिवशी कोरडं असतं.

कपाटाच्या दोन जागा मी सांगते. पहिली, बेसिनच्या वर आरसा आहे तिथं आरशाचंच उथळ कपाट, 4-5 इंच खोल. दात घासायचं, दाढीचं, तेल, कंगवे सगळं त्यात. मुलाच्या ब्रशसाठी बेसिनच्या बाजूला खाली एक खुंटी, नाहीतर तो बेसिनवर चढेल. दुसरी, कमोडच्या मागची भिंत. फ्लशच्या टाकीच्या वर पूर्ण 4 फूट रुंद भिंत रिकामी पडलीय, आणि ती या खोलीतली सगळ्यात कोरडी जागा आहे. तिथं साडेचार फुटांपासून वर कपाट करा, 8 इंचांपेक्षा खोल नको, नाहीतर उठणाऱ्याच्या डोक्यात बसेल. पीव्हीसीच्या बोर्डाचं करा. सुताराला प्लायच पाहिजे असेल तर त्यावर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा शिक्का स्वतः बघा. साधा प्लाय आणि एमडीएफ बाथरूममध्ये आणूच नका. बिजागऱ्या आणि स्क्रू 304 स्टीलचे, इथं पाच-पन्नास रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

या कपाटात खालच्या खणात मुलीचे आणि तुमचे पॅड. आजही घराघरांत ते कपड्यांच्या कपाटात साडीखाली दडवलेले असतात आणि लागतात तेव्हा ओल्या अंगानं शोधत फिरावं लागतं. कोरडा खण त्यांना पहिल्यांदा. कमोडशेजारी झाकणाचा, पायानं उघडायचा छोटा डबा, हाही सामानाचाच भाग आहे, नंतर आठवून घ्यायची वस्तू नाही. सगळ्यात वरच्या खणात अ‍ॅसिड, फिनेल, हार्पिक, कडी लावून. शीतपेयाच्या बाटलीत अ‍ॅसिड भरून ठेवत असाल तर आजच थांबवा.

आणि काही सामान मुळात बाहेर काढा. मळक्या कपड्यांची टोपली बाथरूमबाहेर. धुण्याची पावडर, घासणी, कपड्यांचा ब्रश जिथं धुणं होतं तिथं. पाच जणांचे टॉवेल आत वाळत नाहीत, फक्त कुबट होतात, दोरी गच्चीवर. आत दारामागं पाच खुंट्या, फक्त आंघोळीपुरत्या. रिकामे शाम्पूचे डबे "पाणी घालून एकदा निघेल" म्हणून ठेवलेले असतात, ते मी मोजायला सांगत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

दार बाहेर उघडणारं करा. जागेसाठी तर आहेच, पण आत्याबाई आत पडल्या आणि दाराला टेकून पडल्या, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. चौकटीला एकाच बाजूनं खाच असते, त्यामुळं नुसता पल्ला उलटा लावून चालणार नाही, चौकट बदलावी लागेल. बाहेर दार उघडल्यावर कुणाच्या ताटात किंवा फ्रिजवर जातंय का ते आधी बघा. कडी अशी घ्या की अडचणीला बाहेरून नाण्यानं फिरवून उघडेल.

आत्याबाईंसाठी आणखी. त्या चौरंगावर बसू शकणार नाहीत, बसल्या तर उठू शकणार नाहीत. त्यांना 16-17 इंच उंचीचं, रबरी बुटांचं, रुंद पायांचं स्टूल लागेल. स्टुलावर बसलं की जमिनीवरची बकेट फार खाली जाते, वाकावं लागतं. म्हणून बकेटही एका फूटभर उंचीच्या छोट्या कट्ट्यावर ठेवायची सोय करा. आतला नळ मग दीड फुटावर चालणार नाही. इथं सरळ दोन तोंडं काढा: एक खाली दीड फुटावर तुमच्यासाठी, एक अडीच फुटावर, कट्ट्यावरच्या बकेटीसाठी. वरच्या तोंडाला गच्चीवरच्या टाकीची लाइन द्या. बॅरल तळाला आले की त्यांचं शेवटचं अर्धा फूट पाणी तिथवर चढणार नाही. 2 फुटांवरची फळी दोघींनाही पुरते.

धरायचे दांडे दोन. एक कमोडशेजारच्या, बाजूच्या भिंतीला. तुमच्या नकाशात कमोडचा मध्य त्या भिंतीपासून दीड फुटावर आहे, हात बरोबर पोचतो. दुसरा आंघोळीच्या जागी, फरशीपासून पावणेतीन-तीन फुटांवर. दांडा लादीला नाही, विटेला धरला पाहिजे. लांब अँकर लावून घ्या आणि मिस्त्रीला स्वतःच्या पूर्ण वजनानं ओढून दाखवायला सांगा. त्याचा चेहरा बघा, कळेल किती भरवसा आहे. टॉवेलची नळी म्हणजे दांडा नव्हे, तिला धरून माणूस पडतं ते नळीसकट.

फरशी फक्त आंघोळीच्या टोकाची बदला, 4 बाय 3 ची, खरखरीत लाद्यांची, खाली वॉटरप्रूफिंग नव्यानं करून. उतार जाळीकडं, 5 फुटांना 1 इंच या मापानं. जास्त उतार दिला की स्टूल डगमगतं, कमी दिला की पाणी उभं राहतं. जाळी उजव्या कोपऱ्यातच असेल तर दारासमोरचा भाग आता कोरडा राहील, तिथली फरशी तशीच ठेवा. दाराला उंच उंबरा घालू नका, अर्धा इंच खूप झाला.

गॅस गिझरचं मात्र मी कडक सांगणार. बाथरूमच्या आत नाही. गॅस जळताना खोलीतला प्राणवायू ओढतो, आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस आंघोळ करता करता बसल्या जागी बेशुद्ध पडतं. 4 बाय 7 ची खोली, थंडीत व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावलेला, आत एक म्हातारं माणूस किंवा बारावीची मुलगी. हिवाळ्यात अशा बातम्या येतात त्या अशाच घरांतल्या असतात. तुमच्या मिस्टरांना गॅसच पाहिजे असेल तर गिझर आणि सिलिंडर दोन्ही बोळात, उघड्या हवेत, पावसापासून आडोसा करून, कोणत्याही खिडकीखाली नाही. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. तो गच्चीवरच्या टाकीच्या लाइनवर जोडा, बॅरलच्या पाण्यावर तो पेटणार नाही. नाहीतर साधा 15 लिटरचा विजेचा गिझर घ्या, लाइट असेल तेव्हा तापवून ठेवा, पाणी काही तास गरम राहतं. त्याला अर्थिंग नीट, बटण बाथरूमबाहेर, आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. बकेटीत बुडवायचा रॉड घरात असेल तर तो या घरातून कायमचा जाऊ द्या.

60 हजारांचं सांगायचं तर भाव मी इथून सांगत नाही, गंजगोलाईत तुम्ही चार दुकानं फिराल तेव्हा माझ्यापेक्षा बरा भाव आणाल. क्रम सांगते. पहिला कट्टा आणि पाइप. मग दांडे, दार, आंघोळीची फरशी. मग गिझर आणि बोर्डाचं काम. शेवटी कपाट आणि आरसा. पैसे मध्येच संपले तर कपाट थांबू शकतं, सामान तोवर पत्र्याच्या पेटीत राहील. उलट केलंत, कपाट आधी आणि कट्टा नंतर, तर सुंदर कपाटासमोर बॅरल उभे राहतील. कमोड न हलवल्यानं जे वाचले तेच या सगळ्याला पुरवायचे आहेत. जुन्या फ्लशच्या टाकीऐवजी 3 आणि 6 लिटरची दोन बटणांची टाकी जमली तर बघा, नाही जमली तर आंघोळीचं पाणी एका बकेटीत धरून कमोडला वापरा. टँकरच्या दिवसांत तुम्ही ते करतच असाल.

कट्टा झाल्यावर लगेच फरशी फोडू नका. बॅरल बाहेर काढून काही दिवस तशीच आंघोळ करा. कुणाचा हात कुठं जातो, साबण कुठं ठेवला जातो, ओलं कुठवर येतं, ते घरातल्या सगळ्यांच्या लक्षात येईल, आणि निम्म्या फळ्यांची जागा आपोआप ठरेल. बोळातून येणारा पाइप मात्र भिंतीत लाद्यांच्या आधी घालून घ्या, नंतर नवी लादी फोडावी लागते.

आत्याबाई महालक्ष्म्यांना येतीलच ना? तेव्हा त्यांना कपड्यांनिशी, कोरड्या बाथरूममध्ये स्टुलावर बसवा आणि कमोडवर बसवा. उठताना त्यांचा हात आपणहून भिंतीला कुठं टेकतो तिथं पेन्सिलनं खूण करा. वर मी दांड्याची मापं लिहिलीत खरी, पण मिस्त्रीला दाखवायची ती ही खूण.